हनुवटीची परीक्षा

६ जानेवारी
संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मनीषा राज्य स्पर्धेला जाणार की नाही ते रविवारच्या परीक्षेनंतर ठरेल. परीक्षा म्हणजे आमच्या बॉक्सिंग क्लबची जुनी रीत. हात पाठीमागे घेऊन रिंगच्या मधोमध उभं राहायचं आणि सीनियरचा एक हुक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा, हनुवटीवर घ्यायचा. पाय हलला की नापास.
"मागच्या वेळी एका ठोशात बसलीस. मार पचतो का तुला, ते बघू दे."
बसले, हो. तो ठोसा मला दिसलाच नव्हता. दिसला असता तर कशाला खाल्ला असता? पण ऐकतंय कोण! डोकं नुसतं तापलंय.

७ जाने.
कडाक्याची थंडी. निफाडचा पारा तर विचारूच नका, पण इथे नाशिक रोडलाही ग्लोव्ज घालेपर्यंत बोटं बधिर होतात. हुक सोनलताई मारणार आहे. ती बाजूला घेऊन म्हणाली, "दात मिटून मान आवळून धर. मी हळूच मारते, सरांना कळायचं नाही."
मला हळू मारलेलं नकोय. मला माझे हात वर हवेत. तसं म्हटलं तर हसली. "सांगून बघ सरांना."
घरी आईचा पिंपळगावच्या मामाला फोन. "फी भरून दात पाडून घेणार आहे तुझी भाची." मामा म्हणे, "इकडं पाठव तिला. द्राक्षाचा सीझन हाय, क्रेट उचलून मान लय मजबूत होईल." दोघं खो खो हसले. मी जेवले नाही.

९ जाने.
बोलायचंच म्हणून सरांच्या घरी गेले. भिंतीवर त्यांचे जुने फोटो, कपाळ फुटलेलं, डोळा बंद, तरी उभे. सर कधीच पडले नाहीत, हे अख्ख्या क्लबला पाठ आहे.
"मने, चहा घेतलास?" घेतला म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "चहा घेतलास का गं?" मग स्कूटरची किल्ली शोधत बसले. ती त्यांच्याच हातात होती. बशी टेबलावर ठेवताना नुसती खडखड.
परीक्षेचं न काढताच उठले. काकू फाटकापर्यंत आल्या. "डॉक्टर म्हणतात, यांच्या डोक्याला फार मार बसलाय. तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे गं. मीपण वाजवल्या."
घरी येऊन रडले. मग राग आला. सरांचा नाही. त्या टाळ्यांचा.

११ जाने., रविवार
उभी राहिले मधोमध. गार्ड वर, दोन्ही मुठी हनुवटीसमोर.
"हात मागे."
"नाही सर."
"घाबरलीस?"
"हो. तुम्हालाही कुणीतरी हात वर घ्यायला सांगायला हवं होतं."
तोंडातून निघून गेलं. सरांचा चेहरा बघवेना. वाटलं, संपलं, आता घरी. पण त्यांनी सोनलताईकडून ग्लोव्ज मागून घेतले आणि स्वतः आत आले. "ठेव वर. मी मारतो."
मारला. काय तो डावा हात, अजूनही! पण दिसला मला. अर्धं पाऊल मागे सरले, ठोसा नाकासमोरून गेला. दुसराही. तिसरा ग्लोव्हवर घेतला. सर दोरीला धरून धापा टाकायला लागले. मी पाणी द्यायला पुढे झाले तर हातानेच थांबवलं.
"पाय हलला तुझा."
"हलला नाही, सर. मी हलवला."
सरांनी ग्लोव्ज काढले. पास नाही म्हणाले, नापासही नाही. "पुढची कोण?"
पुढची तेजू. गरीब गाय, सरांसमोर ब्र काढत नाही कधी. वर चढली ती हात वर करूनच. असलं बरं वाटलं मला!

१३ जाने.
नावं शुक्रवारी पाठवायची आहेत. सोनलताई म्हणते, माफी मागून टाक, जाऊ दे. कशाची मागू? उलट बोलले ते वाईट झालं, मान्य. पण हात खाली घेतले नाहीत त्याची नाही मागणार. नाव गेलं तर गेलं. प्रॅक्टिस बुडवणार नाही.

१४ जाने.
सकाळी सकाळी सरांचा फोन.
"मने, रविवारी परीक्षा आहे तुझी. लक्षात आहे ना?"
मागून काकूंचा आवाज, "अहो, झाली ना ती..."
"आहे लक्षात, सर. येते मी. पण हात वरच राहतील."
"बघू," म्हणाले.