सांध्यातला उजेड

५ नोव्हेंबर १९३४

आजपासून मी निकाइदोंच्या घरचा, सेइगो निकाइदो! नोशिरोला आमच्या घरी मी तिसरा मुलगा, म्हणजे असून नसून सारखाच. इथे मात्र सासऱ्यांनी स्वतः माझे जोडे उचलून आत ठेवले. त्यांना मुलगा नाही, म्हणून मला जावई आणि मुलगा दोन्ही करून घेतलं, आडनावही दिलं. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, की बर्फाचं ओझं पेलायला या घराला पुरुष माणूस लागतोच, बरं झालं तुम्ही आलात. मी तीन वाडगे भात हाणला. माझी बायको इत्सु किमोनोच्या बाहीआड हसत होती. वेडा झालोय मी, दुसरं काय!

७ नोव्हेंबर

सासरे सुतार, मीही सुतार. पहिलं काम आमच्याच गाद्यांच्या कपाटाचं: आतून देवदाराच्या पातळ फळ्यांचं अस्तर. फळीच्या एका कडेला जीभ, दुसरीला खाच. जीभ खाचेत बसली की आधीचे खिळे झाकले जातात. जुनं अस्तर सासऱ्यांनी मी यायच्या आधीच उचकटून टाकलंय. मातीची भिंत आणि फळ्या यांच्यात वीतभर पोकळी सोड म्हणाले, गाद्यांना ओल लागायला नको. माझ्या मते चार बोटं पुष्कळ झाली असती. पण सासऱ्यांपुढे कोण बोलणार!

दुपारी इत्सु भुसा झाडायच्या निमित्ताने आली. तिला माझं नाव लिहायला शिकायचं होतं. रंध्याच्या लांब सालपटावर वीसदा गिरवलं तिने. शेवटची रेघ दरवेळी वर उडवते. मी म्हटलं, असं लिहिलंस तर माझं नाव मलाच ओळखू यायचं नाही. तर म्हणते कशी, ओळखाल हो, चांगले ओळखाल. तिने लिहिलेलं एक सालपट मी या वहीत जपून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर

सांधे असे बसलेत की केसही शिरणार नाही. स्वतःची पाठ स्वतःच थोपटावी म्हणतो. फक्त एक विचित्र वाटतं. मी खिळ्यावर दोन घाव घातले की पोकळीतून तिसरा येतो. सासरे म्हणाले, नवं लाकूड आहे, बोलणारच. वीस वर्षं लाकडाशी भांडतोय मी. माझ्याशी कधी बोललं नाही ते.

१५ नोव्हेंबर

न्हाणीच्या सरपणात जुन्या अस्तराची एक फळी सापडली. काम संपलं की शेवटच्या फळीच्या पाठीवर कारागीर नाव लिहितो, तसं तिच्या पाठीवर नाव होतं: चुझो निकाइदो. आणि खिळ्यांची डोकी? तीही पाठीकडेच. म्हणजे खिळे भिंतीच्या बाजूने मारलेत. वीतभर पोकळीतून?

इत्सुला विचारलं. तोंड पांढरं पडलं तिचं. चुझो तिचा पहिला नवरा, तीन हिवाळ्यांपूर्वी हाकोदातेला पळून गेला म्हणाली. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी चिडलो, जोडे घालायला लागलो. ती माझा हात धरून रडली. अस्तर पुरं करा, मग आपण दोघं नोशिरोला जाऊ म्हणाली. मी तिचे डोळे पुसले. खिळ्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

१८ नोव्हेंबर

बर्फ थांबत नाही. मधला खांब करकरतोय. सासूबाई सारख्या छताकडे बघतात, मग माझ्याकडे. तीन फळ्या उरल्या.

आता दोन घाव आतून येतात. तिसरा मी घालावा म्हणून वाट बघतात —

इत्सुला म्हटलं, आजच निघू. उद्या, म्हणाली. बाबांना सांधे तेवढे तपासायचेत. मी पोकळीत उभं राहायचं, ती कपाटात दिवा धरेल, उजेड कुठून येतो ते सांगायचं. रीतच आहे ती. मग निघायचं. आईची शपथ घेतली तिने.

१९ नोव्हेंबर, सकाळ

आत आहे. तिन्ही फळ्या सासऱ्यांनी बसवल्या. पाठ मातीला, छाती लाकडाला. कोपर मागे जात नाही, लाथ तर दूरच. वही पोटाशी धरून —

इत्सु विचारते, कुठून येतो उजेड. खालून, म्हटलं. तिने भाताची खळ आणि भुसा भरला. उजवीकडून, म्हटलं. तोही बुजला. मी आपला सांगतोय, मोठा शहाणा!

नाकासमोर शेवटच्या फळीची पाठ. तिच्यावर नाव. सेइगो निकाइदो. आजची तारीख. शेवटची रेघ वर उडालेली.

शाई वाळलीय. कधी लिहिलंस ग? शपथ घेतलीस त्याच्या आधी, की —

ओरडलो. बाहेर सासूबाई म्हणाल्या, थांबला बाई खांब करकरायचा.

डावीकडे कुणीतरी खिळे मारतंय. या बाजूने. माझ्या खांद्याला खांदा लावून. दोन घाव. आता हातोडी माझ्या हातात —

एकच सांधा उरलाय. एवढाच काय तो कच्चा राहिला माझ्या हातून. दोऱ्याएवढा उजेड. त्यापलीकडे तिचा डोळा. रडतेय. अहो, अजून दिसतं का, विचारते.

नाही, म्हटलं. पहिल्यांदाच खोटं बोललो तिच्याशी.

तिला कळलंय. बोटावर खळ घेतलीय तिने. इत्सु, नको ग, तेवढा एक तरी —