यात काही नाही

३ जून
जन्मशताब्दी समितीची बैठक. मोठ्या सरांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी भौतिकशास्त्र विभागात राज्य त्यांचंच. ठराव झाला — क्वांटम विज्ञानात आज जे जे चाललंय, त्याचं मूळ सरांमध्ये. क्वांटम संगणक, सर. न फुटणारी सांकेतिक लिपी, तीही सरच. प्रमुख म्हणाले, जे शोध अजून लागायचेत तेही घालून टाका, नंतर धावपळ नको.
बोलण्याआधी प्रमुख दोनदा खाकरले, सर खाकरायचे तसे. विभागात सहाजण तसे खाकरतात. त्यातल्या दोघांनी सरांना पाहिलेलंही नाही.

५ जून
आठवणींचं भाषण माझ्याकडे. येणारच — सरांचा शेवटचा विद्यार्थी मी! 'धाकटा' म्हणायचे मला. आठवण दरवर्षीचीच. सव्विसाव्या वर्षी त्यांच्याकडे एक गणित घेऊन गेलो होतो. जोडीतले दोन कण लांब नेले की बाहेरच्या गोंगाटानं त्यांची जोडी तुटते. माझं म्हणणं, गोंगाट आधी मोजला तर ती टिकवता येईल. सरांनी कागद हातात घेतले, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात काही नाही. सोड."
सोडलं. चार शब्दांत सरांनी माझं आयुष्य वाया जाण्यापासून वाचवलं, असं मी सांगतो. टाळ्या पडतात. बायको म्हणते, गोष्ट पाठ आहे, पण वाचवलेल्या आयुष्याचं पुढे काय केलं तेवढं कळलं नाही.

६ जून
भाषण लिहीत होतो. माझी संशोधक विद्यार्थिनी कसलंसं गणित घेऊन आली. म्हटलं, यात काही नाही, सोडून दे. मान हलवून गेली. गुणी मुलगी. परंपरा अशीच पुढे जाते.

१७ जून
मोठ्या सरांच्या मुलीनं त्यांच्या रोजनिश्या ग्रंथालयाला दिल्या. ग्रंथपालबाईंना अक्षर लागेना, म्हणून मला बोलावलं. मी थेट तो दिवस काढला. शताब्दीच्या प्रदर्शनात मांडायला बरा.
"दाढ फार दुखतेय. धाकटा गणित घेऊन आला होता. माझ्यानं वाचवलं नाही. काही नाही म्हणून वाटेला लावलं. उद्या बोलावून नीट बघावं."
दुसऱ्या दिवशीचं पान — "दाढ काढली."
पुढे माझा उल्लेख नाही.
बाईंनी विचारलं, महत्त्वाचं आहे का काही. दातांचं आहे, म्हणालो.

१८ जून
रजा टाकली. माळ्यावरच्या पेटीत ते कागद सापडले. तिसऱ्या पानावर चिन्हाची चूक. अधिकाच्या जागी उणे. दहा मिनिटांत सुधारली. पुढे उत्तर सरळ येतं. तीनदा तपासलं — बरोबर येतं.
बत्तीस वर्षं मी एका दाढेवर काढली.
ही चहा घेऊन आली. कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं. नुसती शेजारी बसली.

१९ जून
प्रमुखांना सांगितलं. दोनदा खाकरले. ते पान प्रदर्शनात नको, म्हणाले, सरांचा विनोद सामान्यांना पेलायचा नाही. दाढ मात्र कुणी जपून ठेवली असेल तर बघा.

२० जून
विद्यार्थिनीला बोलावलं. म्हटलं, माझं चुकलं, ते गणित परत आण. ती अवघडली. हळूहळू कळलं — तिनं ते सोडलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या विद्यापीठात पाठवलं. त्यांनी तिला बोलावलंय. पुढल्या महिन्यात जाते.
विचारलं, माझ्या शब्दाचं काहीच वाटलं नाही?
"वाटलं ना, सर. पण तुम्ही पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतंत. मी बघत होते."

२१ जून
मोठ्या सरांनीही उलटलं नव्हतं. मीही बघत होतो.