दारापुढची पानं आणि खिडकीची वाट

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच, अंगणात आडवं पडायला सध्या मनाई आहे, कारण पुढे येईल.) ताईचा खोकला गेला असेल अशी आशा. तुमच्या गुडघ्यांची मात्र मुद्दाम चौकशी करतो, त्यांच्याशी शेवटी काम आहे.

तुमची कन्या ज्या दुर्मीळ रोपाच्या अभ्यासासाठी आमच्याकडे राहते, ते वर्षातला बराच काळ कांद्याच्या रूपाने मातीत समाधी लावून असतं आणि पाऊस पसंत पडला तरच वर येतं. गेल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. घरासमोरच्या चढावर एकही पान दिसलं नाही. तुम्ही फोनवर निकाल दिलात, "पुढच्या पावसात एक तरी पान दाखव, नाहीतर सामान बांध." यंदा पाऊस आला तो असा, की चढाची मातीच उतरून आमच्या दारात येऊन बसली. पोरगी नुसती चिखलाकडे बघत राहायची, जेवणावरून मन उडालेलं. मी धीराचं एक सुभाषित म्हटलं. ती म्हणाली, "मामा, याने कोंब येत नाहीत." सौ.नी माझ्या हाती फावडं देऊन दारातला चिखल काढायला सांगितलं, ते मी शिरस्त्याप्रमाणे उद्यावर ढकललं. (आळस हा शत्रू, असं मी जन्मभर विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं. मत बदललं आहे.)

आठवड्याने एकदाचा फावडं घेऊन बाहेर पडलो, तोच मागून आवाज, "मामा, पाय उचल." उचलला. "आणि दुसरा?" भावोजी, माझं वय तुम्ही जाणता. पायरीपासून फाटकापर्यंत तीच पानं! मातीबरोबर कांदेही खाली आले होते.

"मेले नव्हते रे," पोरगी डोळे पुसत म्हणाली, "गेल्या वर्षी पाऊस कमी पडला म्हणून उठलेच नाहीत."

"तुझ्या मामासारखे," सौ. म्हणाल्या.

त्या दिवशी पोरगी दोनदा जेवली आणि आमचाही जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दार बंद. ये-जा स्वयंपाकघराच्या खिडकीतून, स्टुलावर पाय देऊन. मी उतरताना बघायला मिळावं म्हणून दूधवाला हल्ली उशिरा येतो.

आपला, एका पायावर तयार असलेला,
शालक

ता. क. पान उपटून पाठवता येत नाही, तेव्हा स्वतः येऊन बघा. खिडकी कमरेइतकी उंच आहे, म्हणून गुडघे.

ता. क. २. सामान बांधायचं तेवढं रद्द करा. कमी पावसात काय होतं ते कळलं, फार पावसातलं दारात आहे; बेताच्या पावसाचं एक वर्ष तिला अजून बघायचंय. तुम्हाला सांगायचं धाडस होईना, म्हणून हे सारं पत्र.

ता. क. ३. रागावून येणार असाल, तरी खिडकीनेच या.