राधीआजीची खाट

जव्हार, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ

थकले आहे. एका खाटेपायी दोन दिवस गेले.

खोडाळ्याची राधीआजी आमच्या आश्रमात खाटेवरून दोनदा पडली. या वयात हाड मोडलं तर पुन्हा जुळणार कुठे? म्हणून परवा मी तिच्यासमोरच आश्रमातल्या मदतनीस गंगूला हुकूम सोडला, "आजीला खाली काढ." भुईवर जाड अंथरूण घातलं, खाट पडवीत नेऊन ठेवली. माझ्या मते प्रश्न मिटला. तेव्हापासून आजीने नागलीच्या पेजेला तोंड लावलं नाही. मी तिला हट्टी म्हटलं, रागावलेसुद्धा.

आज स्वतः वाटी घेऊन गेले, तर शांतपणे म्हणाली, "माला खाली काढलंस ना, बाय? मंग पेज कशाला? तुळशीचं पान आन."

मरणाऱ्या माणसाला खाली काढतात. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! आईला मीच खाली काढलं होतं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकले, पण तोंडातून काय शब्द गेला ते कळलं नाही. आणि तिला एकदा विचारायला काय झालं होतं?

खाट परत आणवली. म्हटलं, "पुन्हा पडलीस तर?"

"पडन. पन जित्ती पडन."

मग पेज प्यायली. वर मीठ कमी म्हणून कुरकुर.

खाटेभोवती भाताचा पेंढा जाड पसरून आले आहे. बरोबर केलं की चूक? लिहिते आहे, पण कान त्या खाटेकडेच आहेत.