भंगारात न बसलेली घंटा

सोमवार, ८ मार्च १९५४, सकाळी ६-१०
अंधेरी, घरी. बुटांना पॉलिश करीत होतो. एकदम आठवले, कासारशेठच्या मालाच्या बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमला द्यायच्या कागदात, मी जुन्या पितळेचा एकेक जिन्नस लिहिला आहे. तोट्या, दिवे, बिजागऱ्या, कड्या, घंटा नग १. परदेशातून आलेल्या यादीत होते ते सर्व, ऱ्हस्वदीर्घ तपासून. मग एकच बूट दोनदा का घासला, समजेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी
समजले. कस्टमचे साहेब म्हणाले, "वर भंगार म्हणता आणि खाली तोट्या लिहिता? तोटी म्हणजे तयार माल." तयार पितळी मालावरची जकात वाढल्यापासून प्रत्येक पेटी उघडून बघतात. भंगाराला जकात थोडी, तयार मालाला कितीतरी जास्त. कासारशेठ हे सारे मरोळच्या भट्टीत वितळवून नव्या तोट्या ओतणार. पण ते साहेबांनी कशावरून मानावे?
लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या आमच्या ऑफिसचे मालक, म्हणजे दादासाहेब, ओरडले नाहीत. त्यापेक्षा वाईट. चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तू भंगाराची यादी केलीस की रुखवताची?" सगळे ऑफिस हसले.
महिनाअखेर मला इथे सहा महिने पुरे होतील. मग कायम करतात, नाहीतर...

मंगळवार, ९
दा.सा.नी मार्ग काढला. साहेबांच्या डोळ्यांदेखत माल फोडून निकामी केला, तर तो भंगार धरतात. तसा अर्ज मीच लिहिला. दा.सा.नी दोनदा वाचला. "अक्षर बरे आहे. आता ज्याने लिहिले त्यानेच फोडून घ्यावे." म्हणजे माणसे मी आणायची. आणि एका दिवसात उरकायचे, कारण गोदीचे भाडे रोज चढते आहे. "हे नीट पार पडले तर पहिल्या तारखेला तुझे बघू." बघू म्हणजे काय, हे विचारायचा धीर झाला नाही.
कासारशेठ जाताना म्हणाले, "पोरा, भट्टी थंड पडली माझी. तुझी शाई फार महाग रे."

बुधवार, १०
माणसे म्हणजे वाकोल्याचा बाळा. मावशीचा मुलगा, खाणीवर दगड फोडतो. "मोडूक पैसे देतत? ह्या काम माका आधी कित्याक नाय सांगलंस?" त्याचे तीन सोबतीही येणार. गोदीच्या पासांसाठी चौघांची नावे उतरवली. मग पुन्हा तपासली.

शुक्रवार, १२
गोदीतून आत्ताच आलो. कान अजून घुमत आहेत.
सकाळीच घण पडायला लागले. तोट्या फुटल्या, दिवे चेपले. साहेब खुर्ची टाकून बसले होते. मी ढीग दाखवायचा, त्यांनी मान हलवायची. भीती कधी गेली कळले नाही, मजा वाटू लागली. साहेबांनीसुद्धा कोट काढून एका दिव्यावर घण घातला, इकडेतिकडे पाहिले आणि कोट परत चढवला.
मग राहिली घंटा. जहाजावरची असावी, कळशीएवढी. बाळाने पहिला घाव घातला आणि सगळी गोदी थांबली. क्रेनवाला वाकून बघू लागला. हमाल सुट्टी झाली समजून निघाले. घाव, घाव, घाव. शेवटी घणाचा दांडा मोडला. घंटेला फक्त खोक पडली.
बाळा म्हणाला, "ही फुटूची नाय रे. आधी तुझो सायब फुटतलो."
साहेबांना मालवणी समजते, हे तेव्हा कळले. खूप हसले. पण म्हणाले, "फुटली नाही ना? मग ती घंटाच. तयार माल." बाकी सारे भंगारात पास.

शनिवार, १३
दा.सा.चा हिशेब: घंटा फोडायला आणखी एक दिवस गोदीभाडे भरण्यापेक्षा एकट्या घंटेची मोठी जकात भरून सुटावे. कासारशेठ उसळले. "वितळवायच्या घंटेवर तयार मालाची जकात? एक पै देणार नाही. ज्याने लिहिली त्याने न्यावी. भंगाराच्या भावाने देतो."
दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी घेतो म्हणालो. का म्हणालो, रात्रभर विचार केला तरी सापडणार नाही.

रविवार, १४
घंटा बाळाच्या खांद्यावरून घरी आली. आईने हळदकुंकू वाहिले. वाडीच्या मारुतीपुढे आम्ही अजून थाळी बडवतो. मी म्हटले, खोक पडली आहे, आत लोलकही नाही. आई म्हणाली, "असू दे. वाडीत एवढी एकच वस्तू आहे, जिची जकात भरलेली आहे. समोरच्या बंडूला त्याचे घड्याळ विचार."
बाळाने मोडक्या दांड्याने वाजवून दाखवली. पलीकडून बंडूच ओरडला, "रविवारी कुणाची शाळा सुटली रे?"

सोमवार, १५
कासारशेठची भट्टी पेटली. त्यांच्या पुढच्या मालाचे कागद आले, या खेपेस तांबे. दा.सा.नी ते माझ्या टेबलावर टाकले. "आधी तिकडे पत्र धाड. म्हणावे, जहाजात चढवण्यापूर्वीच फोडून पाठवा. आणि यादीचे..." एवढ्यात टेलिफोन वाजला. यादीचे राहिलेच. पहिल्या तारखेचे तर नावही नाही.

खर्च: घंटा रु. २२-८-०. जकात रु. १२-४-०. चौघांचा चहा रु. १-६-०. एकूण रु. ३६-२-०.
पैकी स्वतःचे रु. १६-२-०.
देणे: दा.सा. यांस रु. २०-०-०. पगारातून दरमहा पाच, चार हप्ते, असे त्यांनीच ठरवले. माझे येथले पंधरा दिवस उरले आहेत. चार हप्ते म्हणाले. दोनदा विचारून घेतले.
बाळास: घणाला नवा दांडा.