पावाने झाकलेला पेला

माबेला, मस्कत
११ जानेवारी २०२५

ती. वसुताईस साईचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. रुवीच्या हॉटेलातली नोकरी सोडली. आता व्हेराबाई नावाच्या रशियन बाईच्या इथल्या घरी स्वयंपाक करतो. इब्रा गावाच्या पुढे वाळवंटात तिचा पाहुण्यांचा कॅम्प आहे. तिचे वडील नुकतेच तिकडे रशियात वारले, तिला जाता आलं नाही. शुक्रवारी त्यांच्या नावाचं जेवण आहे. मी रांधायचं आणि पाहुण्यांबरोबर बसायचंही. नीट पार पडलं तर कॅम्पचं किचन माझं.

त्यांच्या रीती जमल्यात मला. बूट दारात काढायचे, हे आपल्यासारखंच, पण अनवाणी फिरलो की बाई स्लीपर घेऊन मागे लागते. ताट पुसून खाल्लं की उपाशी समजून परत वाढते, म्हणून हल्ली दोन घास ठेवतो. बीटाच्या सुपात आंबट साय घालतात, मी माझ्या वाटीत गुपचूप मिरची चुरतो. बाईचा ड्रायव्हर सकलैन आपल्या दापोलीकडचा. तो म्हणाला, रशियन माणसं उगाच हसत नाहीत, तूही हसू नको. मी दोन दिवस तोंड पाडून फिरलो, तर बाईने पोटदुखीची गोळी दिली.

किचन मिळालंच समज. भावोजींना नमस्कार, सावनीला पापा. जीव लावतेस तसाच लाव.
तुझा साई

देवरूख
१३ जानेवारी

चि. साईस अनेक आशीर्वाद.

आधी नोकरी सोडायची आणि मग ताईला कळवायचं, ही तुझी रीत काही बदलली नाही. तुझे भावोजी म्हणतात, हेही हुकलं तर सरळ विमानात बस आणि आपल्या चिकनच्या दुकानात उभा राहा. मी त्यांना गप्प केलंय, पण शुक्रवारपर्यंतच.

तिथे पाहुण्यासारखा बसून राहू नकोस. घरात मयत झालेली बाई, तिला काय काय सुचणार? घरच्यासारखा पुढे हो, न सांगता हात लाव. सावनी विचारते, मामा रशियात आहे की मस्कतात. मला तरी कुठे कळतंय.

तब्येतीला जप. आमची आठवण असू दे.
वसुंधरा

माबेला
२६ जानेवारी

ती. वसुताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि घात झाला.

जेवण छान झालं होतं. कोपऱ्यात वडिलांच्या फोटोपुढे भरलेला पेला, त्यावर काळ्या पावाची चकती. मला वाटलं, हे आपल्यासारखंच, गेलेल्याचं पान. सगळे जेवायला लागले तरी कावळ्याला कोणी ठेवेना. बाईला सुचलं नसेल म्हणून मीच पाव उचलला, गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि काव काव केलं.

खाली आलो तर सगळे त्या उघड्या पेल्याकडे बघत होते. सकलैन कानात म्हणाला, त्यांच्यात दिवस पुरे होईपर्यंत तो पाव हलवत नाहीत, खलास, बॅग भर. बाईने मला गच्चीवर नेलं आणि हे काय म्हणून विचारलं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, कावळा शिवला की माणूस सुखाने गेला. ती रागावली नाही. त्यांच्यातही थडग्यावर पक्ष्यांना दाणे टाकतात म्हणे. मग तीच कावळ्याची वाट बघायला लागली.

कावळा टाकीवर बसून होता, खाली येईना. आपल्यात विचारतात तसं मी विचारलं, वडिलांची काय इच्छा राहिली? ती म्हणाली, मी परत यावं. मग येते म्हणून बोलून टाका, म्हटलं. ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. कावळा उतरला, पाव घेऊन गेला.

बाई काल कायमची रशियाला परत गेली. कॅम्प बंद. किचन मी माझ्या तोंडाने घालवलं. पण भावोजींना सांग, दुकानाला दुसरा माणूस शोधा. इब्राच्या बाजारात सकलैनच्या ओळखीने एका खानावळीत बोलणं चाललंय.

निघण्याआधी ते लोक क्षणभर गप्प बसतात. तिच्या बॅगेवर मीही बसलो. उठताना तिने विचारलं, तुझ्या आईच्या वेळी कावळा लगेच आला होता का. मी सांगितलं, नाही. ताई म्हणाली, साईला मी बघेन, तेव्हा आला.

त्या शब्दातून तुला मोकळी करतो, असं लिहायला बसलो होतो. नाही करत.

तुझाच,
साई