मुळावर उठलेल्या बाई

११ मे

ती. दादास,
शि. सा. न.

गेल्या वर्षी तू पाठवलेला हॉर्सरॅडिशचा, त्या मोहरीसारख्या झणझणीत विलायती मुळाचा, बोटभर तुकडा आता हातभर पानांचा झाला आहे. काल मूळ शिवणाच्या खोलीतच किसलं. डोळ्यांना धारा लागल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. मी कोटासमोर बसून रडते आहे हे पाहून त्या बिचाऱ्याला वाटलं, कोट बिघडला!

पण एक काळजी आहे. घरमालकीणबाई माझ्या मुळावर उठल्या आहेत. महिनाअखेरीस काढणार म्हणतात. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई तुझ्या मुळावर उभ्या राहतात हे वाचून फार वाईट वाटले. वजनाने माती दबते, हवा खेळत नाही आणि मूळ वाकडे होते. वाफ्याभोवती काड्या रोवाव्यात, आणि बाईंसाठी थोड्या अंतरावर खुर्ची ठेवावी.

महिनाअखेरीस काढणी? मुळीच नको! पाने सुकून गळाली की मगच काढावे.

किसण्याविषयी मात्र लक्षपूर्वक वाच. अखंड मुळाला वास नसतो. किसताना आतल्या पेशी फुटतात, त्यांतली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि तिखटपणा त्या क्षणी जन्माला येतो! व्हिनेगर घातले की तो तिथेच थांबतो. म्हणून तीन मिनिटे थांबून मगच व्हिनेगर घालावे.

लोभ मुळासारखा खोल जावा.
दादा

१९ मे

ती. दादास,
शि. सा. न.

हसू की रडू? अरे, बाई झाडावर नाही, माझ्यावर उठल्या आहेत! तुझं हॉर्सरॅडिश त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यात शिरलं. मी घाबरून माळ्याकडून सगळं फावड्याने खणून, उलथून घेतलं, तर एकाचे चौतीस कोंब झाले. आता म्हणतात, महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करा. मशीन, कापायचं टेबल, इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं घेऊन मी जाऊ कुठे? वर विचारतात, भाऊ शिक्षक ना, मग सांगितलं कसं नाही? मी खाली वाकून कोंब मोजत राहिले. तुला बोल लागू द्यायचा नव्हता.

तरीही तुझीच,
धाकटी

२२ मे

श्रीमती घरमालकीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

मी आपल्या भाडेकरूचा थोरला भाऊ. छत्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. या प्रकरणातील दोष क्रमाने मांडतो. पहिला, हे मूळ खोल पिंपात लावावे, मोकळ्या मातीत नव्हे, हे मला ठाऊक होते. दुसरा, गेल्या वर्षी तुकडा पाठवताना मुळाच्या गुणांविषयी बहिणीला सात पाने लिहिली, पण त्यांत हे एक वाक्य राहिले. तिसरा, ते का राहिले याचे समर्थन माझ्यापाशी नाही. मातीत पेरभर तुकडा उरला तरी कोंब येतो. शेवटचा कोंब कधी संपेल हे शास्त्रालाही सांगता येत नाही. शिक्षा मला व्हावी, धाकटीला नव्हे. सोबत मुळाची आकृती जोडली आहे.

आपला अपराधी,
एक निवृत्त शिक्षक

२८ मे

श्री. गुरुजी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. आकृती सुरेख आहे. चूक इतक्या टापटिपीने कबूल केलेली मी या वयात प्रथमच पाहिली. माझा निर्णय असा. दर रविवारी आपण स्वतः यावे आणि गुलाबांतले कोंब हाताने उपटावेत. फावडे आणल्यास फाटकातूनच परत पाठवीन. आणि शेवटचा कोंब निघेपर्यंत आपल्या भगिनीने खोल्या सोडायच्या नाहीत. तिने जागा सोडली तर आपण कशाला येता!

तो कोंब कधी संपेल हे शास्त्राला ठाऊक नाही, असे आपणच लिहिता. मलाही घाई नाही.

रविवारी वाट पाहते.
घरमालकीण